मागून आलेलं वाक्य

रिग्गई, कुवेत
१२ मे १९९१

चि. रूपेश,

आशीर्वाद. तू बरा असशील असं लिहायची पद्धत आहे, पण तू बरा नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि मीही नाही. तेव्हा ते राहू दे.

खरं तर हे पत्र इथून जिवंत परत गेलेल्या आणि इथे जिवंत उरलेल्या सगळ्यांना मिळून लिहायला हवं. आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे: आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणजे विचारतात, पुष्कळ विचारतात. सोनं आणता आलं का? दिनार बदलून मिळाले का? अम्मानच्या वाटेवर तंबूत पाणी होतं का? पण तिकडे काय झालं, कोण राहिलं, असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी कोणाचीच नसते. उत्तर तोंडातून निघायच्या आत चहा येतो. तुझ्या पत्रातही तू हेच लिहिलं आहेस, की गावात सगळ्यांना विमानाची गोष्ट हवी आहे. सगळ्यांना लिहायचं बळ आता माझ्यात नाही, म्हणून एकट्या तुला लिहिते.

तुझं पत्र आणि शंकरच्या नर्मदावहिनींचं पुडकं तुझ्या मावसभावाने परवा हॉस्पिटलात आणून दिलं. पेटलेल्या तेलविहिरींची आग विझवायला पाणी न्यायचं आहे, त्या पाइपांच्या कामावर तो आला आहे. पहिल्याच दिवशी त्याचं तोंड काळं झालं. मी त्याला ओला रुमाल दिला, तर तो म्हणाला, "बाई, हंयसर दिवस कधी उगावता?" मी म्हटलं, दुपारचे बारा वाजलेत बाबा, हाच दिवस.

खोटं नाही. भरदुपारी मोटारी दिवे लावून जातात. दोरीवर चादर वाळत घातली की तिच्यावर तेलाचे ठिपके पडतात. वॉर्डात लहान मुलं खोकून खोकून निळी पडतात आणि आम्ही खिडक्यांच्या फटीत ओल्या टॉवेलच्या गुंडाळ्या कोंबत बसतो. वीज आली आहे, नळालाही पाणी आहे. दुकानात कांदे दिसतात. लोक म्हणतात, संपलं. मी ऐकून घेते.

पुडक्यातली आमसुलं पोचली. वास घेतला आणि डबा बंद करून ठेवला.

महाराष्ट्र दिनाला इथे उरलेले वीसेक मराठी लोक जमले होते. कोणीतरी म्हणालं, रत्नमालाबाई चार शब्द बोलतील. तुला आठवतं ना, मला माइक दिला की लोक आधीच घड्याळ काढून ठेवायचे? नर्सेसच्या ड्युटीच्या तासांवरून मी ज्या दिवशी बोलले, त्या दिवशी सुपरिंटेंडंट स्वतः उठून दार लावायला गेला होता. तर मी उभी राहिले. वीस माणसं माझ्याकडे बघत होती. एक शब्द आला नाही. सबंध आयुष्य मी पुस्तकं वाचली, माणसाला शब्द सोडून जात नाहीत असं छातीठोक सांगितलं. आणि मी हात जोडून खाली बसले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काल मी तो सिनेमा पुन्हा पाहिला.

कॅसेट वाचली आहे. टीव्ही सैनिकांनी नेला, व्हिडिओ नेला, शिवणयंत्र नेलं, पण त्या म्हाताऱ्या इंग्रज इंजिनियरने मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून निवृत्त होऊन जाताना दिलेली कॅसेट पलंगाखाली पडून राहिली. मी ती घेऊन रुमैथियाला डॉक्टर ताहिराकडे गेले. तिच्या घरी आता टीव्ही आहे. आम्ही दोघींनी आवाज बंद करून पाहिला. मला संवाद पाठ होते आणि तिला ऐकायचे नव्हते.

तुम्हा सगळ्यांना पहिल्यांदा दाखवला तेव्हाचे माझे शब्द आठवतात? "हा काळापांढरा सिनेमा मूळचं नाटक आहे, आणि नाटक म्हणूनच तो पुन्हा जिवंत होईल, कारण याच्यात खोलीबाहेर काही घडतच नाही." किती रुबाबात म्हटलं होतं! समुद्रकाठच्या गावातली एक खाणावळ, लढाईचे दिवस. पलटणीतून पळून आलेला भाचा मालकिणीने कोठीत दडवला आहे, आणि घरात माणसं किती ते मोजायला इन्स्पेक्टर येतो. तिथे राहणारा एक जुना भाडेकरू चहात साखर ढवळत बसतो. इन्स्पेक्टर विचारतो, घरात किती जण? भाडेकरू ढवळतच राहतो. ढवळतो, ढवळतो, आणि मग म्हणतो, तीन माणसं आणि एक मांजर. तेवढ्यात कोठीतून शिंक येते. इन्स्पेक्टर कोठीकडे बघतो, भाडेकरूकडे बघतो, चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, "मांजराला सर्दी झालीय वाटतं." वहीत तीन लिहितो आणि निघून जातो.

आपण ते घर वेंगुर्ल्याचं केलं. गणपतीत करायचं ठरलं. भाडेकरू शंकर झाला, मालकीण मी, आणि प्रॉम्प्टर तू, कारण तुझ्याइतका कान कोणाला नव्हता. वेल्डिंगचं काम करून आलेला शंकर माझ्या बैठकीच्या खोलीत उभा राहिला, आणि साखर ढवळणं त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकलं. चहा बशीत ओतला. फुंकर घातली. पुन्हा घातली. तुला वाटलं गडी विसरला. तू पडद्याआडून वाक्य दिलंस. शंकर बशी तशीच हातात धरून ओरडला, "गप रव रे रूपेशा! विसरलंय नाय मी, थांबलंय!"

मग रोज तेच. तो थांबायचा आणि तुला धीर धरवायचा नाही. मी तुला भाषण दिलं, चांगला प्रॉम्प्टर तो की ज्याला विसरणं आणि थांबणं यातला फरक कळतो. शंकर म्हणाला, "बाई, भाषण मगे. आदी चाय."

मी हसतच होते लिहिताना. आता थांबते.

तू लिहितोस: "बाई, दर गुरुवारी बाजाराला वहिनी भेटतात. पहिल्यांदा मी सांगितलं, शंकरदादा बसऱ्याच्या तुरुंगात आहे. मग पायाला लागलंय म्हणून सांगितलं, म्हणजे उशीर का होतोय ते त्यांना पटेल. आता त्या विचारतात, 'पाय बरो झालो काय रे त्येंचो?' मी बरा होतोय म्हणतो. पण आता लढाई संपली, कैदी सुटले, हे त्यांनी रेडिओवर ऐकलंय. बाई, पुढे काय सांगू? तुम्हाला सुचतं. मला पुढचं वाक्य द्या."

पुडक्यात आमसुलांखाली आणखी एक वस्तू होती. मी वर लिहिली नाही. औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेलं तेल, बुचावर मेण, आणि वर चिकटवलेल्या कागदावर वहिनींच्या अक्षरात: "पायाला लावावे. कोमट करून."

दोन दिवस ती बाटली माझ्या टेबलावर आहे. कोणाच्या पायाला लावू, रूपेश?

आता जे झालं ते एकदा नीट लिहून काढते. त्या खोलीत तू होतास, मी होते. तरी आपण दोघांनी ते एकमेकांना एकदाही सांगितलेलं नाही. तू ज्या बसने गेलास त्या बसच्या दारातसुद्धा आपण फक्त पाण्याच्या कॅनबद्दल बोललो.

सप्टेंबर होता. अहमदीचा तुमचा कामगारांचा कॅम्प सैन्याने घेतल्यावर तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला आला होतात. मग ताहिरा आली. माझ्या वॉर्डातली डॉक्टर, माझ्या निम्म्या वयाची. तिचा भाऊ फारूक औषधं आणि पत्रकं वाटत फिरायचा. तो पळाला होता आणि सैनिक बहिणीला शोधत होते. ती भावाचीच निळी गाडी घेऊन आली. ती गाडी इमारतीमागे उभी राहिली. तिथेच आपण चुकलो, पण त्या वेळी गाडी हलवणं म्हणजे तपासणी नाक्यावर जाऊन पडणं होतं.

मागच्या खोलीत आपल्या न झालेल्या नाटकाचे पडदे आणि फळ्या रचून ठेवल्या होत्या. वेंगुर्ल्याच्या खाणावळीची भिंत, तिच्यावर रंगवलेलं कोठीचं दार. ताहिरा त्या भिंतीमागे, शिंकू नये म्हणून नाकाला रुमाल बांधून. आणि आपण काय केलं? तालीम. खरोखर तालीम केली! सैनिक आले तर कोणी कुठे बसायचं, चहा कोणी आणायचा, किती माणसं सांगायची. आपल्याला जे एकच नाटक पाठ होतं तेच आपण बसवलं. शंकर म्हणाला, "इंग्लंडातलो पोलीस काय नि हेंचो शिपाय काय, चाय दिली की बसता." त्या दिवसांत आपण हसत होतो, रूपेश. ताहिरासुद्धा हसायची. इथे भीती होती तसा विनोदही होता, हे मी पुसून टाकणार नाही.

ते दुपारी आले, त्या निळ्या गाडीचा माग काढत. चौघं होते. एकाने मागच्या खोलीत डोकं घातलं, रंगवलेलं दार पाहिलं आणि त्याची कडी धरायला हात घातला. हाताला कापड लागलं. बाकीचे त्याला हसले. तो ओशाळला आणि बाहेर आला. एक क्षण मला वाटलं, झालं, आपण सुटलो, नाटकाने वाचवलं.

मग त्यांच्या मुख्याने विचारलं, "कम नफर?" किती माणसं?

तू स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा गाळत होतास. मधे फक्त पडदा. शंकरने बशी उचलली. फुंकर घातली. त्या माणसाच्या डोळ्यांत बघत पुन्हा फुंकर घातली. मला अजून दिसतं, त्या मुख्याचं तोंड सैल पडायला लागलं होतं, तो खुर्चीकडे बघत होता, बसणार होता.

आणि मागून वाक्य आलं. हळू, स्पष्ट, मराठीत. "तीन माणसं आणि एक मांजर."

त्याला मराठी कळलं नाही. पण कोणीतरी आतून उत्तर पुरवतंय एवढं जगात कोणालाही कळतं.

पडदा ओढला. तुला केसांना धरून बाहेर आणलं. बंदूक तुझ्या कानाशी. एक जण पुन्हा मागच्या खोलीकडे वळला, या वेळी त्या कापडाकडे नीट बघत. तेव्हा शंकरने बशी खाली ठेवली. न सांडता ठेवली. उभा राहिला आणि म्हणाला, "सय्यारा माली." खालची गाडी माझी आहे.

त्यांना गाडीचाच माणूस हवा होता. तो मिळाला. मागच्या खोलीकडे गेलेला परत फिरला. जिना उतरेपर्यंत शंकरने वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहिलं असतं तर त्यांनीही पाहिलं असतं.

हे एवढंच. तू पुढच्या महिन्यात गेलास. जा म्हणून मीच सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

आता ते दुसरं. ते लिहायचं म्हणून मी तुला कांद्यांपासून सिनेमापर्यंत सगळं सांगितलं.

तू गेल्यानंतर, ऑक्टोबर संपायच्या आत, शंकर आमच्या हॉस्पिटलात आला. वॉर्डात नाही, खाली, शवागारात. नाव नव्हतं. ताहिरा लपतछपत काम करायला लागली होती, तिने मला बोलावलं. डाव्या हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते. गळ्यातला काळा दोरा होता. एकच गोळी होती. पायाला काही झालं नव्हतं, रूपेश. पाय चांगले होते.

मी त्याला आंघोळ घातली. तुळस नव्हती. अग्नी द्यायला कुठे जाणार, कोणाला विचारणार? ताहिराने तिच्या माणसांच्या दफनभूमीत, तिच्या वडिलांच्या शेजारी, भावासाठी राखलेली जागा दिली. तिथे त्याला पुरलं. मला जेवढं गीता-ज्ञानेश्वरीतलं येत होतं तेवढं म्हटलं, ताहिरा तिचं म्हणाली. नंतर फेब्रुवारीत विहिरी पेटल्या. आमच्या माणसाला एक चूड मिळाली नाही, आणि आता सगळं आभाळ जळतं आहे. रोज बघते. कोणाला जाब विचारू ते कळत नाही.

ऑक्टोबरात टपाल नव्हतं. टपाल सुरू झालं तेव्हा शब्द नव्हते. ही सबब नाही, नुसती हकीकत आहे.

तुला जे विचारायचं आहे आणि तू विचारत नाहीस, त्याचं उत्तर देते. तुझ्यामुळे झालं का? त्या कुजबुजीने त्यांना संशय आला, हो. नाही म्हणणार नाही. तुला खोटी थाप देऊन मला झोप लागणार नाही आणि तुलाही नाही. पण संशय येणं म्हणजे गोळी घालणं नव्हे. त्या दोन गोष्टींच्या मधे एक माणूस उभा असतो, त्याच्या हातात बंदूक असते आणि त्याला नाही म्हणता येतं. तो नाही म्हणाला नाही. त्याचा गुन्हा तू तुझ्या डोक्यावर घेऊन दर गुरुवारी बाजार फिरतोस आणि तो सुटतो. मी हे होऊ देणार नाही. तुझ्या वाट्याची चूक फुंकरीएवढी आहे. तेवढीच घे.

आणि मी त्या सिनेमाबद्दल तुम्हाला जे शिकवलं ते अर्धंच होतं. विनोदी नाटक ते, ज्यात बंदूकवाल्याला शेवटी लाज वाटते. तेवढ्या एका लाजेवर सगळा खेळ उभा असतो. ती काढून घेतली की उरतात एक बशी, एक फुंकर, आणि मागून आलेलं वाक्य. काल ताहिराने तो शेवट पाहिला, इन्स्पेक्टर टोपी घालून निघून जातो तो. तिने टीव्ही बंद केला. मग इंग्रजीत म्हणाली, "हा माणूस आमच्याकडे का आला नाही?" हे तिने मला विचारलं. मला, रूपेश!

शंकरचं शेवटचं वाक्य कोणी दिलेलं नव्हतं. ते संहितेत नव्हतं, तालमीत नव्हतं, तू मागून सांगितलं नव्हतंस. ते त्याचं स्वतःचं होतं. नर्मदावहिनींच्या नवऱ्याचं शेवटचं वाक्य त्यांना अजून कळलेलं नाही आणि त्या तेल कोमट करायच्या सूचना लिहीत आहेत. तू त्यांना प्रेक्षक करून ठेवलं आहेस. दर गुरुवारी एक प्रवेश. त्या तिकीट काढून आलेल्या नाहीत. ज्या जखमेसाठी त्या रात्रंदिवस तेल काढताहेत ती जखम तू केलीस, नसलेल्या माणसाच्या पायाला. हे दयेचं काम नाही. मला ठाऊक आहे, तू दयेनेच सुरू केलंस. तरी नाही.

म्हणून पुढचं वाक्य मी देणार नाही.

त्या रडतील. कदाचित तुला मारतील. कदाचित काहीच बोलणार नाहीत, आणि तुझी जीभ वळवळायला लागेल. त्या वेळी धीर धर. विसरलेल्या नसतील, थांबलेल्या असतील. त्यांना लागेल तेवढं थांबू दे.

जागा कुठे आहे ते विचारतील. सांग की ताहिरा दर शुक्रवारी जाते, पाणी घालते, आणि त्याला भाऊ म्हणते. पत्ता मी पाठच्या पानावर लिहिला आहे. तेलाचं विचारलं तर सांग, बाईंनी ठेवून घेतलं.

गुरुवारची वाट बघू नकोस. बाजारात, माणसांत, भाजीच्या टोपलीआड सांगायची ही गोष्ट नाही. हे पत्र घडी घालून खिशात ठेव, चपला घाल, वहाळ ओलांडून वर जा आणि नर्मदावहिनींना त्यांच्या दारात सांग, की शंकर गेला. आजच सांग.

विंगेत आता कोणी नाही,

बाई